‘रिफ्यूज’ कुठे, ‘डिनाय’ कुठे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

इंग्रजीविषयी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं या वेळी एकाच ठिकाणी अडलेली दिसली. नाही म्हणायचं, ते कोणत्या क्रियापदाने? शाळा, कोर्ट, बोट, बाग, होमस्टे अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून हाच प्रश्न आला, म्हणून ती पत्रं एकत्र घेतली आहेत. इंग्रजी वाक्यं आपल्या लिपीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचली तर रचना लवकर कानात बसते.

प्रश्न : आठवीतल्या एका मुलाने ‘ही डिनाइड टु पे द फेरी फेअर’ असं लिहिलं. मी ‘डिनाइड’ खोडून ‘रिफ्यूज्ड’ केलं, तेव्हा त्याने शब्दकोश उघडून दाखवला. दोन्हींपुढे ‘नाकारणे’ असाच अर्थ होता. त्याला नेमकं काय सांगावं?
(शिक्षिका, लांजा)

दुरुस्ती बरोबर आहे आणि मुलाची शंकाही रास्त आहे. मराठीत ‘नाकारणे’ फार ठिकाणी चालतं. आपण आरोप नाकारतो, जेवण नाकारतो, अर्ज नाकारतो, प्रवेशही नाकारतो. इंग्रजीत या सगळ्यांना एकच क्रियापद पुरत नाही. तरी हा फरक मराठीला नवा नाही. फळ्यावर दोन वाक्यं लिहा. ‘त्याने पैसे द्यायला नकार दिला.’ ‘त्याने पैसे घेतल्याचा इन्कार केला.’ पहिल्या वाक्यात काम अजून व्हायचं आहे आणि तो ते करणार नाही म्हणतो. दुसऱ्यात कुणीतरी म्हणतंय की असं घडलं, आणि तो म्हणतो की घडलं नाही. पहिल्याला ‘रिफ्यूज’, दुसऱ्याला ‘डिनाय’.

मुलांना ओळखायला सोपी खूण म्हणजे मराठी क्रियापदाचं शेपूट. ‘द्यायला, जायला, करण्यास’ असं आलं की ‘रिफ्यूज’. ‘दिल्याचं, गेल्याचं, असल्याचं’ असं आलं की ‘डिनाय’. ‘मालक असल्याचं नाकारलं’ यातली गोष्ट भूतकाळातली नाही, तरीही ती एक विधान आहे, खरं किंवा खोटं ठरू शकणारं. म्हणून तिथेही ‘डिनाय’च.

इंग्रजी वाक्याची बांधणीही त्याच अर्थावर उभी आहे. ‘रिफ्यूज’नंतर ‘टु’ आणि मूळ क्रियापद येतं, जसं ‘ही रिफ्यूज्ड टु पे’. ‘डिनाय’नंतर ‘आयएनजी’चं रूप येतं किंवा ‘दॅट’ने सुरू होणारं वाक्य येतं, जसं ‘ही डिनाइड टेकिंग द मनी’ किंवा ‘ही डिनाइड दॅट ही हॅड टेकन द मनी’. उलट केलं की दोन्हीकडे चूक होते. ‘डिनाइड टु पे’ चूक, ‘रिफ्यूज्ड पेइंग’ही चूक, आणि ‘रिफ्यूज्ड दॅट’ तर इंग्रजीत नाहीच. शिवाय ‘आय आस्क्ड हिम, बट ही रिफ्यूज्ड’ असं वाक्य तिथेच संपवता येतं. ‘डिनाइड’वर मात्र सहसा संपवता येत नाही, पुढे निदान ‘इट’ लागतो.

दहावीच्या अप्रत्यक्ष कथनात हाच नियम कामाला येतो. मूळ वाक्यात ‘नो, आय वोन्ट’ असेल तर ‘रिफ्यूज्ड टु’. ‘नो, आय डिडन्ट’ असेल तर ‘डिनाइड’. ‘वोन्ट’ आणि ‘डिडन्ट’ या दोन शब्दांवर मुलांचं लक्ष नेलं की निम्म्याहून अधिक चुका तिथेच थांबतात.

एक चूक मात्र हुशार मुलंही करतात, तिच्याकडे विशेष लक्ष द्या. मराठीत आपण ‘त्याने पैसे घेतले नाहीत असं सांगितलं’ म्हणतो. त्यातला ‘नाहीत’ उचलून मुलं ‘ही डिनाइड दॅट ही हॅड नॉट टेकन द मनी’ लिहितात. ‘डिनाय’च्या पोटात ‘नाही’ आधीच आहे. दुसरा ‘नॉट’ घातला की अर्थ उलटतो, म्हणजे तो पैसे घेतल्याचं कबूल करतो आहे.

‘नाकारणे’च्या आधी नुसतं नाम असेल तेव्हा शेपटाची खूण सापडत नाही. तेव्हा विरुद्धार्थी शब्द विचारावा. ‘कबूल केलं’ असं उलट होत असेल, तर ‘डिनाय’ (आरोप, अफवा, संबंध). ‘स्वीकारलं’ असं उलट होत असेल, तर ‘रिफ्यूज’ किंवा सौम्यपणे ‘डिक्लाइन’ (पैसे, चहा, निमंत्रण). ‘मंजूर केलं’ असं उलट होत असेल, तर अधिकाऱ्याच्या तोंडी ‘रिफ्यूज’ आणि ‘डिनाय’ दोन्ही चालतात. म्हणून ‘द रिक्वेस्ट वॉज डिनाइड’ बरोबर आहे, पण ‘आय डिनाइड द टी’ कधीच नाही.

प्रश्न : हायकोर्टातल्या अपिलासाठी मराठी कैफियतींचं इंग्रजी भाषांतर टाइप करते. ‘मजकूर मान्य व कबूल नाही’ याला ‘रिफ्यूज्ड’ लिहावं की ‘डिनाइड’? आणि परत आलेल्या नोटिशीच्या पाकिटावर ‘रिफ्यूज्ड’ असतं, ते का?
(वकिलांच्या कार्यालयातील टंकलेखिका, सावंतवाडी)

कैफियतीत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीने दिलेल्या लेखी उत्तरात, ‘डिनाइड’च. दाव्यातला मजकूर म्हणजे वादीने केलेली विधानं, आणि विधान एकतर ‘अ‍ॅडमिट’ करतात किंवा ‘डिनाय’. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधल्या ऑर्डर 8 चे रूल 3 ते 5 याच क्रियापदावर उभे आहेत. सगळं मोघम नाकारून भागत नाही, प्रत्येक विधानाचा स्वतंत्र समाचार घ्यावा लागतो. जे विधान स्पष्टपणे किंवा ओघाने नाकारलं नाही, ते प्रतिवादीला मान्य आहे असं धरलं जातं. म्हणून भाषांतर करताना एखाद्या परिच्छेदासमोरचा ‘डिनाइड’ सुटणं ही टायपिंगची साधी चूक राहत नाही.

त्यातला रूल 4 भाषेच्या दृष्टीने फार शिकण्यासारखा आहे. समजा दाव्यात म्हटलंय, ‘प्रतिवादीने 50,000 रुपये घेतले.’ प्रतिवादीने नुसतं ‘50,000 रुपये घेतल्याचं नाकारतो’ म्हटलं, तर 49,000 घेतले असतील अशी फट उरते. कायदा ही पळवाट मान्य करत नाही. ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग घेतला नाही असं म्हणावं लागतं, नाहीतर किती घेतले ते सांगावं लागतं. म्हणून मूळ मराठीत ‘सदर रक्कम अगर तिचा कोणताही भाग’ असं असेल, तर इंग्रजीत ‘ऑर एनी पार्ट देअरऑफ’ गाळू नका. मुळात नसेल, तर आपल्या मनाने घालूही नका, वकिलांना दाखवा.

पाकिटाची गोष्ट वेगळी आहे. पोस्टमन दारात पाकीट पुढे करतो आणि समोरचा ‘घेत नाही’ म्हणतो. तिथे विधान नाही, कृती आहे. म्हणून शेरा ‘रिफ्यूज्ड’, मराठीत ‘घेण्यास नकार, सबब परत’. घर बंद असणं, माणूस गाव सोडून गेलेला असणं, यांचे शेरे वेगळे असतात आणि ते एकमेकांच्या जागी वापरू नयेत. कारण समन्स घेण्यास प्रतिवादीने नकार दिल्याचा शेरा घेऊन पाकीट परत आलं, तर ऑर्डर 5 च्या रूल 9 प्रमाणे कोर्ट समन्स बजावलं गेलं असं जाहीर करतं.

आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. ‘शी रिफ्यूज्ड टु रिसीव्ह द नोटिस’ म्हणजे नोटीस दारात आली आणि तिने घेतली नाही. ‘शी डिनाइज रिसीव्हिंग द नोटिस’ म्हणजे नोटीस मिळालीच नाही असं तिचं म्हणणं आहे. पहिल्यात नोटीस पोहोचल्याबद्दल वाद नाही, दुसऱ्यात सगळा वाद तोच आहे. भाषांतरात या दोन वाक्यांची अदलाबदल झाली तर पक्षकाराची बाजूच बदलते.

प्रश्न : जहाजावर नोकरीसाठी अमेरिकेच्या सी-1/डी व्हिसाचा अर्ज भरतोय. मागे एकदा व्हिसा मिळाला नव्हता. मित्राने ‘आय रिफ्यूज्ड यूएस व्हिसा’ असं लिहून दिलंय. एजंट ‘रिजेक्टेड’ म्हणतो. काय लिहू?
(वाचक, मंडणगड)

मित्राचं वाक्य आधी काढून टाका. त्याचा अर्थ होतो, अमेरिका व्हिसा देत होती आणि मीच नको म्हटलं. नकार देणारा तुम्ही नव्हता, म्हणून वाक्य कर्मणी हवं, ‘आय वॉज रिफ्यूज्ड अ व्हिसा’. यातला ‘वॉज’ गळला की नकार देणारा आणि नकार मिळालेला यांची जागा बदलते. ‘आय डिनाइड व्हिसा’ याला तर धड अर्थच नाही.

अर्जाचा नमुना डीएस-160 हाच शब्द वापरतो. ‘हॅव यू एव्हर बीन रिफ्यूज्ड अ यू. एस. व्हिसा’ असा प्रश्न त्यात असतो, आणि त्यालाच जोडून प्रवेश नाकारला होता का आणि बंदरावर प्रवेशाचा अर्ज मागे घेतला होता का, हेही विचारलेलं असतं. तुमच्या बाबतीत उत्तर ‘येस’ आहे. पुढच्या रकान्यात कधी, कुठल्या दूतावासात आणि कोणत्या कलमाखाली ते लिहा. कलम तेव्हा मिळालेल्या कागदावर असतं. 214(बी) म्हणजे तात्पुरत्या व्हिसासाठी लागणारी पात्रता पटवून देता आली नाही, मुख्यतः परत येण्याबद्दल अधिकाऱ्याची खात्री पटली नाही. 221(जी) म्हणजे कागद अपुरे किंवा तपासणी बाकी. 221(जी)मध्येही संकेतस्थळावर ‘रिफ्यूज्ड’ असंच दिसतं, त्याने घाबरून जाऊ नका, पण ते लपवूही नका. बोलताना ‘रिजेक्ट झाला’ सगळेच म्हणतात. फॉर्मवर फॉर्मचाच शब्द वापरावा.

बोटीवर गेल्यावर आणखी एक जोडी भेटेल. ‘द क्रू वॉज डिनाइड शोअर लीव’ म्हणजे खलाशांना बंदरात उतरू दिलं नाही. ‘द क्रू रिफ्यूज्ड टु सेल’ म्हणजे खलाशांनीच जहाज न्यायला नकार दिला. पहिली खलाशांची तक्रार आहे, दुसरी खलाशांविरुद्धची. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी यातलं कोणतं क्रियापद आहे आणि ते कुणाकडे बोट दाखवतं, ते बघा.

प्रश्न : मच्छीमार बोटीच्या नव्या इंजिनाची कंपनीकडे तक्रार करायची आहे. ‘द एंजिन डिनाइज टु स्टार्ट’ चालेल का?
(बोटमालक, हर्णै)

नाही. ‘द एंजिन रिफ्यूजेस टु स्टार्ट’. आपण ‘इंजिन चालू व्हायला मागत नाही’ म्हणतो, तसंच हे. इंजिन दावा करत नाही, त्यामुळे ते ‘डिनाय’ करू शकत नाही. पण तक्रारीत त्याहून ‘द एंजिन डझ नॉट स्टार्ट’ बरं. त्यापुढे सेल्फ फिरतो की नाही, थंड असताना की गरम झाल्यावर, किती तास चाललेलं इंजिन आहे, हे लिहा. मेकॅनिकला तेच लागतं.

प्रश्न : स्थानिक बातम्या इंग्रजी पत्रालाही पाठवतो. अधिकारी ‘मला काही बोलायचं नाही’ म्हणाले, मी ‘डिनाइड’ लिहिलं. संपादकांनी हरकत घेतली. दुसऱ्या बातमीत ‘रिफ्यूटेड’लाही.
(वार्ताहर, रत्नागिरी)

संपादकांचं दोन्हीकडे बरोबर आहे. ‘डिनाइड’ म्हणजे त्या माणसाने तोंड उघडून ‘हे खोटं आहे’ म्हटलं. तुमचे अधिकारी तसं म्हणालेच नाहीत. उद्या आरोप खरा निघाला तर ‘मी कधीच इन्कार केला नव्हता’ असं ते म्हणतील, आणि ते खरंच असेल. इथे ‘डिक्लाइन्ड टु कॉमेंट’. ‘रिफ्यूज्ड टु कॉमेंट’ व्याकरणाने बरोबर आहे, पण त्यात माणूस अडून बसल्याचा सूर येतो. वारंवार विचारूनही तो टाळत राहिला असेल तरच ते वापरावं. फोन उचललाच नसेल तर यातलं काहीच लिहू नये. ‘कुड नॉट बी रीच्ड’ लिहावं.

‘रिफ्यूट’ याहून जड आहे. काळजीपूर्वक इंग्रजीत त्याचा अर्थ पुराव्याने खोडून काढणे असा आहे. पुढाऱ्याने पत्रकार परिषदेत आरोप फेटाळला एवढ्याने तो ‘रिफ्यूट’ होत नाही. आजकाल पुष्कळ जण ‘डिनाय’च्या अर्थी तो वापरतात, हे खरं. पण बातमीदाराने वापरू नये असं आमचं ठाम मत आहे, कारण त्या एका शब्दाने तुम्ही आरोप खोटा ठरल्याचा निकाल देऊन टाकता.

प्रश्न : परदेशी खरेदीदाराच्या मेलमध्ये एकदा ‘रिफ्यूज्ड’, एकदा ‘रिजेक्टेड’ होतं. हापूसच्या पेट्यांचं नेमकं काय झालं?
(बागायतदार, देवगड)

सर्वसाधारण फरक असा. ‘रिफ्यूज्ड डिलिव्हरी’ म्हणजे माल ताब्यातच घेतला नाही, पेटी उघडलीही नसेल. ‘रिजेक्टेड’ म्हणजे पाहिलं, तपासलं आणि नापास केलं, साका (आतून खराब झालेला गर) निघाला, डाग निघाले, वजन कमी भरलं. म्हणून ‘रिजेक्टेड’ आलं की तपासणीचा अहवाल आणि फोटो मागा. ‘रिफ्यूज्ड’ आलं की कारण आणि तारीख मागा. आपल्याकडच्या 1930 च्या मालविक्री कायद्यातही खरेदीदाराला माल तपासण्याची संधी मिळणं (कलम 41) आणि त्याने विनाकारण ताबा न घेतल्यामुळे झालेलं नुकसान (कलम 44) हे दोन वेगळे विषय आहेत. परदेशी सौद्याला तुमच्या करारात जो कायदा लिहिला असेल तो लागू होईल, तो आधी वाचा.

व्याकरणात एवढंच, की ‘रिजेक्ट’नंतर फक्त नाम येतं. ‘रिजेक्टेड टु टेक’ चूक. आणि एका देशाने सरसकट दार बंद केलं तर तो ‘बॅन’. फळमाशीमुळे युरोपीय संघाने 2014 च्या मे महिन्यापासून भारतीय आंब्यावर घातला होता तसा. तो 2015 च्या जानेवारीत उठला.

प्रश्न : होमस्टेला नको असलेल्या बुकिंगला इंग्रजीत नम्रपणे नाही कसं म्हणावं?
(गुहागर)

‘वी रिफ्यूज युअर बुकिंग’ लिहू नका, ते तोंडावर दार लावल्यासारखं वाटतं. ‘डिनाय’ तर नकोच. ‘डिक्लाइन’ हा सभ्य शब्द आहे, पण तो विनंतीला लावायचा, माणसाला नाही. ‘वी डिक्लाइन यू’ चूक, ‘वी हॅव टु डिक्लाइन युअर रिक्वेस्ट’ बरोबर. त्याहून चांगलं म्हणजे क्रियापदच टाळणं. ‘वी आर सॉरी, वी आर फुल ऑन दीज डेट्स’ लिहा आणि मोकळ्या तारखा कळवा. खोल्या खरोखर भरलेल्या असतील तरच ‘फुल’ लिहा. पाळीव प्राणी किंवा मोठा गट चालत नसेल, तर तेच कारण एका ओळीत सांगा. आणि ‘बुकिंग्ज हॅव डिक्लाइन्ड’ म्हणजे बुकिंग कमी झालं, नाकारलं नव्हे, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : चवदार तळ्यावरच्या इंग्रजी निबंधात ‘वेअर रिफ्यूज्ड वॉटर’ लिहिलं होतं. सरांनी ‘डिनाइड’ केलं. अर्थ तर तोच ना?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, महाड)

व्याकरणाने तुमचं वाक्य बरोबर आहे. तरी सरांचा शब्द जास्त खरा आहे. कुणी मागितलं आणि समोरच्याने नाही म्हटलं, तर ‘रिफ्यूज’. जे हक्काचं आहे ते मिळू दिलं नाही, मग कुणी मागितलं असो वा नसो, तर ‘डिनाय’. ‘शी वॉज रिफ्यूज्ड अ‍ॅडमिशन’ म्हणजे तिने अर्ज केला, कॉलेजने घेतलं नाही. ‘शी वॉज डिनाइड अ‍ॅन एज्युकेशन’ म्हणजे तिला शिकूच दिलं नाही, अर्जापर्यंत गोष्ट गेलीही नसेल.

महाडच्या इतिहासात हा फरक तारखांनी दिसतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने 1923 साली मंजूर केला. महाड नगरपालिकेने 1924 साली तळं खुलं केल्याचं ठरवलं. म्हणजे हक्क कागदावर आला होता. तरीही पाणी घेऊ दिलं जात नव्हतं, म्हणून 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. असलेला हक्क रोखून धरणं, याला इंग्रजीत ‘डिनाय’ हाच शब्द आहे. पुढे तळ्याचा खटला चालला, आणि 1937 साली मुंबई उच्च न्यायालयात प्राचीन रूढीचा दावा टिकला नाही. तिथे तपासून फेटाळणं आलं, म्हणून ‘द कोर्ट रिजेक्टेड द क्लेम’.

रचना सांभाळा. ‘वेअर डिनाइड अ‍ॅक्सेस टु द टँक’ किंवा ‘वॉटर वॉज डिनाइड टु देम’ लिहा. इथे ‘डिनाइड’नंतर ‘टु’ चालतो, कारण त्यापुढे क्रियापद नाही, माणसं आहेत. ‘डिनाइड फ्रॉम टेकिंग वॉटर’ मात्र चूक. ‘फ्रॉम’ हवाच असेल तर ‘प्रिव्हेंटेड फ्रॉम टेकिंग वॉटर’.

प्रश्न : जेटीवर कचऱ्याच्या डब्यावर ‘रिफ्यूज’ लिहिलेलं पाहिलं. डबा काय नाकारतो?
(विद्यार्थिनी, मालवण)

स्पेलिंग तेच, शब्द वेगळा. नाकारणे या अर्थी जोर दुसऱ्या अक्षरावर आणि शेवट ‘जावई’तल्या ‘ज’च्या जवळचा, म्हणजे रि-फ्यूज. कचरा या अर्थी जोर पहिल्यावर आणि शेवट ‘स’चा, म्हणजे रे-फ्यूस. कचऱ्याचं ‘रेफ्यूस’ अनेकवचनात येत नाही, कितीही डबे भरले तरी. आणि नकार या अर्थाचं नाम हवं असेल, तर ‘रिफ्यूजल’.